चागा: बर्चच्या खोडापासून घाऊक गोणीपर्यंत

चागा म्हणजे थंड प्रदेशातल्या बर्च झाडाच्या खोडावर येणारी, काढ्यासाठी विकली जाणारी बुरशी. तिचा घाऊक लॉट परत येतो तेव्हा कारण बहुधा दोनांपैकी एक असतं. एकतर ढेकळांच्या पोटात ओल राहिलेली असते, नाहीतर मालात लाकूड आणि साल आलेली असते. दोन्ही चुका माल जंगलातून आणल्यावर पहिल्या दोन दिवसांत होतात. म्हणून इथे शोधणं आणि काढणं आहेच, पण गोळे फोडण्याला आणि वाळवण्याला जागा जास्त दिली आहे. पद्धत फिनलंडमधली, त्यातही उत्तरेकडच्या लॅपलंड आणि काइनू भागांतली. रशिया, एस्टोनिया, कॅनडातही चागा मुख्यतः बर्चवर येतो आणि काम जवळपास असंच चालतं, कायदे मात्र प्रत्येक देशाचे वेगळे.

ओळख

शास्त्रीय नाव इनोनोटस ऑब्लिक्वस. फिनिश लोक त्याला पाकुरी म्हणतात, चागा हा शब्द रशियन. आळंबी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर छत्री येते. इथे ना छत्री, ना देठ. बर्चच्या खोडातून फुटून बाहेर आलेला, कोळशासारखा काळा, भेगाळलेला गोळा एवढंच दिसतं. बर्च हा हिमालयातल्या भूर्जपत्राच्या झाडाचा भाऊबंद, साल तशीच पांढरी आणि पापुद्र्यांनी सुटणारी, त्यामुळे काळा गोळा लांबूनही उठून दिसतो.

बुरशी मोडलेल्या फांदीच्या खुंटातून किंवा सालीच्या जखमेतून आत शिरते आणि वर्षानुवर्षं गाभ्याचं लाकूड कुजवत राहते. बाहेर दिसतो तो बुरशीच्या तंतूंचा आणि लाकडाच्या कणांचा वांझ गोळा. बीजाणू त्यातून सुटत नाहीत. खरं फळ झाड मेल्यावर सालीच्या आत चपटं पसरतं, एका हंगामात तयार होतं आणि किडे ते खाऊन टाकतात. जंगलातली पुढची लागण त्यावरच अवलंबून आहे. चागा लागलेला मेलेला बर्च उभा असेल तर तो तसाच राहू द्यावा, सरपणाला तोडू नये.

ओळख पटवायला छोटा टवका काढून बघा. बाहेरचा काळा थर ठिसूळ असतो, नखाने खरवडला तर चुरा पडतो. आतला भाग गंजासारखा नारिंगी-तपकिरी, बुचासारखा हलका. खोडाच्या जवळ जावं तशा त्यात फिकट, सायीच्या रंगाच्या शिरा दिसू लागतात. या शिरा म्हणजे बुरा नव्हे. नवखा खरेदीदार नेमका इथे फसतो आणि चांगला माल नाकारतो.

गल्लत होते ती दोन गोष्टींशी. एक म्हणजे बर्चची गाठ. ती सालीने झाकलेली असते, आत घट्ट लाकूड असतं आणि छिन्नी मारली की खणखणीत आवाज येतो. दुसरी, घोड्याच्या खुरासारखी दिसणारी कडक आळंबी. तिची खालची बाजू सपाट असते आणि त्यावर बारीक छिद्रं असतात. चागाला वर-खाली असा आकारच नसतो. हीच बुरशी क्वचित आल्डर किंवा रोवनसारख्या झाडांवरही येते. तो माल बर्चच्या मालात मिसळू नका, कारण गिऱ्हाईक बर्चचे पैसे मोजतं.

परवानगी आधी, कुऱ्हाड नंतर

फिनलंडमध्ये कुणाच्याही रानात फिरून बोरं आणि आळंब्या वेचायचा हक्क सगळ्यांना आहे. चागा त्या हक्कात बसत नाही. तो जिवंत झाडाचा भाग धरला जातो आणि काढताना झाडाला इजा होऊ शकते, म्हणून जमीनमालकाची परवानगी लागते. तिथली निम्म्याहून जास्त जंगलं खाजगी कुटुंबांच्या मालकीची आहेत. उत्तरेकडची सरकारी जंगलं मेत्साहालितुस ही संस्था सांभाळते, तिथे परवानगी तिच्याकडून घ्यायची. राष्ट्रीय उद्यानात काढायचा नाही.

परवानगी लेखी घ्या. त्यात जमिनीचा नोंदणी क्रमांक, मुदत, किलोमागे मालकाचा वाटा आणि वजन ओलं धरायचं की वाळलेलं, हे चारही मुद्दे हवेत. शेवटचा लिहायचा राहिला तर भांडण ठरलेलं, कारण वाळल्यावर वजन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरतं. मोठे खरेदीदार हा कागद मागतात. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या मालाला तर तो अनिवार्यच. लॅपलंडमधल्या जंगलांचा मोठा भाग रानउपज वेचण्यासाठी सेंद्रिय म्हणून प्रमाणित आहे, पण त्या भागातून माल काढला एवढ्यावर तो सेंद्रिय होत नाही. वेचणाऱ्याची नोंद, साठवण आणि वाहतूक, सगळी साखळी प्रमाणित लागते.

हंगाम

पानं झडल्यापासून झाडात रस चढेपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबरअखेर ते एप्रिल. पानं नसल्यामुळे गोळे दिसतात आणि थंडीत ते ठिसूळ होऊन नीट सुटतात. उन्हाळ्यात काढलेला माल जास्त ओला निघतो, वाळायला वेळ आणि वीज दोन्ही जास्त घेतो. शिवाय डास.

सगळ्यात सोयीचे आठवडे मार्च-एप्रिलचे. दिवसा वितळलेला बर्फ रात्री पुन्हा गोठून वर कडक पापुद्रा धरतो, सकाळी त्यावरून सरळ चालत जाता येतं. ऊन वर आलं की तो पापुद्रा मऊ पडतो आणि पाय मांडीपर्यंत रुततो. तेव्हा पहाटे निघा, दुपारच्या आत परता. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेला उजेड अगदी थोडा वेळ असतो आणि त्या उजेडात जुन्या खोडावरची काळी पडलेली साल आणि काळा गोळा एकच दिसतात.

काढणी

सामान फार लागत नाही: हातकुऱ्हाड, रुंद पात्याची छिन्नी, लाकडी हातोडा, खाली अंथरायला ताडपत्री, स्वच्छ गोण्या, डोळ्यांना चष्मा आणि डोक्याला हेल्मेट. गोठलेला दोन-तीन किलोंचा गोळा चार मीटरवरून डोक्यात पडला तर हेल्मेटही कमीच पडेल, म्हणून उंचावरच्या गोळ्याच्या थेट खाली कधी उभं राहू नका. लांब दांड्याची छिन्नी वापरा. झाडावर चढू नका. चागा लागलेल्या बर्चचा गाभा कुजलेला असतो, फांदी कधी मोडेल सांगता येत नाही.

चेनसॉ वापरू नका. साखळीचं तेल मालावर उडतं, सच्छिद्र चागा ते शोषून घेतो आणि मग कितीही वाळवा, वास जात नाही. असा माल खाण्याजोगा राहत नाही. याच कारणासाठी गोण्या डिझेलच्या डब्याशेजारी ठेवून आणू नका.

मुठीपेक्षा लहान गोळा सोडून द्यायचा. मोठ्याचाही साधारण पाव हिस्सा खोडावर ठेवायचा. कुऱ्हाडीचा घाव खोडाला समांतर मारा, खोडाच्या आत शिरेल असा मारू नका. लोभापायी गोळा मुळासकट कोरून काढला तर दुहेरी नुकसान होतं. झाडाची जखम उघडी पडते, तिच्यातून दुसऱ्या बुरश्या शिरतात आणि झाड लवकर मरतं. दुसरं असं की कोरून काढलेल्या भागात लाकूड जास्त असतं, ते शेवटी तुम्हालाच तासून फेकावं लागतं. थोडं ठेवलं तर त्याच जागी चागा पुन्हा वाढतो, मात्र सावकाश. किमान पाच वर्षं त्या झाडाला हात लावू नका, दहा झाली तर उत्तम. झाडाची जागा जीपीएसवर नोंदवून तारीख टाका, नाहीतर तिसऱ्या वर्षी तुमचाच दुसरा माणूस तेच झाड बोडकं करतो.

काढू नये असा मालही असतो. मेलेल्या झाडावरचा चागा आतून काळा पडून भुसभुशीत होतो, त्यात अर्थ नाही. जुन्या झाडाच्या बुंध्याशी, जमिनीला टेकलेला गोळा घेऊ नये, तिथे माती आणि ओल दोन्ही असतात. मोठ्या रस्त्यापासून, कारखान्यापासून आणि खाणीपासून निदान काहीशे मीटर दूर राहा.

फोडणी

काढलेला माल त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी फोडायचा. अख्खा गोळा बाहेरून वाळतो, वरचा थर कडक होतो आणि आतलं पाणी आतच कोंडतं. आठवड्याभरात फोडून बघितलं तर मधोमध हिरवट-निळसर बुरा आणि कुबट वास. असा गोळा बुरा तासून वाचवता येत नाही, तो फेकायचा.

बाहेर उणे दहा-पंधरा अंश पक्की थंडी असेल तर एक सवलत आहे. माल गोठलेल्या अवस्थेत पडवीत ठेवून वाळवणीची जागा मोकळी होईल तसा आत घेता येतो. दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं असं हवामान सुरू झालं की मात्र ही सवलत संपली.

फोडताना आधी ब्रशने शेवाळ, माती आणि सालीचे पापुद्रे झाडा. पाण्याने धुवू नका, आहे ती ओल कमी नसते. मग कुऱ्हाडीने लाकूड तासा. लाकूड फिकट, रेषारेषांचं आणि जड लागतं, चागा गंजाच्या रंगाचा आणि दाणेदार. सीमेवर दोन्ही मिसळलेली पट्टी असते, ती उदार मनाने काढून टाका. काळं कवच काढायचं की ठेवायचं, हे खरेदीदाराला आधीच विचारा. काहींना मेलॅनिनसाठी, म्हणजे त्यातल्या काळ्या रंगद्रव्यासाठी, कवच हवंच असतं, काही फक्त नारिंगी गाभा घेतात. नंतर तीन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे करा. बारीक चुरा बाजूला चाळून वेगळा वाळवा, तो फार लवकर वाळतो.

वाळवणी आणि घट

जाळीच्या ट्रेमध्ये एकच थर, वरून पंख्याचा वारा, तापमान ४० ते ५० अंश. साठच्या वर नेऊ नका. तीन-पाच सेंटिमीटरच्या तुकड्यांना दोन ते तीन दिवस लागतात, दोन सेंटिमीटरच्या चिप्सना साधारण एक दिवस. रोज ट्रेची जागा वर-खाली बदला. नुसती उष्णता पुरत नाही, दमट हवा बाहेर जायला वाट हवी. बंद खोलीत हीटर लावून ठेवला तर भिंतींना पाणी सुटतं आणि माल शिजल्यासारखा होतो.

फिनलंडमध्ये घरोघरी सौना, म्हणजे गरम हवेच्या स्नानाची खोली, असते आणि त्यात वाळवायचा मोह होतो. विजेवरचा कोरडा सौना, दार थोडं उघडं ठेवून, पाणी न मारता चालतो. धुराचा सौना चालत नाही, कारण मालाला धुराचा वास लागतो आणि धुरातली घातक द्रव्यं प्रयोगशाळेच्या तपासणीत सापडतात.

वाळलं की नाही हे तीन प्रकारे बघा. तुकडे एकमेकांवर आपटले तर टक्क आवाज येतो. सगळ्यात जाड तुकडा फोडला तर मधला भाग बोटाला गार लागत नाही. आणि काचेच्या बरणीत मूठभर तुकडे झाकण लावून उबदार जागी रात्रभर ठेवले तर सकाळी काचेवर दव नसतं. दव दिसलं तर सगळा लॉट पुन्हा ट्रेवर.

विक्रीसाठी अंदाज चालत नाही, आकडा लागतो. ५० ग्रॅम नमुना भरडून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. ४४ ग्रॅम उरले तर ओलावा १२ टक्के. दहा ते बारा टक्के हे धरायचं लक्ष्य. चौदाच्या वर गेलं की साठवणीत बुऱ्याची भीती सुरू.

आता घटीचा हिशोब. काढलेल्या १०० किलो मालात ४५ टक्के पाणी आहे असं धरू. कोरडा भाग ५५ किलो. बारा टक्क्यांवर वाळवलेला माल भरतो ६२.५ किलो. हाच माल कुणी २० टक्क्यांवर विकला तर वजन पावणेएकोणसत्तर किलो, म्हणजे सव्वासहा किलो पाणी चागाच्या भावाने विकलं. म्हणून खरेदीच्या कागदावर ओलाव्याची कमाल टक्केवारी लिहा आणि पुढच्या प्रत्येक टक्क्याला भाव किती कापायचा तेही लिहा. विकणारे असाल तरी लिहा, समोरचा मनमानी घट धरू शकत नाही.

प्रतवारी आणि दळण

घाऊक बाजारात माल चार रूपांत जातो: ढेकळं, एक-दोन सेंटिमीटरच्या चिप्स, चहाच्या पिशवीसाठी दोन ते पाच मिलिमीटरची भरड, आणि भुकटी. दळण जितकं बारीक तितका किलोचा दर चढतो आणि विश्वास उतरतो, कारण भुकटीत लाकूड किंवा धान्य मिसळलेलं डोळ्यांना कळत नाही. जाणता खरेदीदार पहिल्यांदा ढेकळंच मागतो.

दळायला हातोडी-गिरणी लागते. घरच्या मिक्सरमध्ये तुकडे टाकलेत तर भांड्याचं पातं जाईल. आधी जाड कापडात गुंडाळून हातोडीने ठेचा. गिरणी तापू देऊ नका, थांबत थांबत दळा आणि भुकटी चुंबकावरून न्या, कुऱ्हाडीचे लोखंडी कण निघतातच. काळी धूळ नाकात जाते, मास्क लावा.

खरेदीदारांसाठी एक जुनी मेख. काही वेळा चागा म्हणून धान्यावर वाढवलेल्या बुरशीची भुकटी विकली जाते, आणि धान्यही त्यातच दळलेलं असतं. रंग फिका, पिठूळ. अस्सल भुकटी कोकोसारखी, तांबूस छटेची. चिमूटभर भुकटी भरपूर पाण्यात उकळा, गार करा, गाळा, पाणी फिकट होईपर्यंत पातळ करा आणि आयोडिनचा थेंब टाका. निळं-काळं झालं तर आत स्टार्च आहे, चागात तो नसतो. पाकिटावर ‘पॉलिसॅकराइड ४० टक्के’ लिहिलं असेल तर हुरळू नका, स्टार्चही पॉलिसॅकराइडच. बीटा-ग्लुकानचा, म्हणजे बुरशीतल्या खास पॉलिसॅकराइडचा, वेगळा आकडा मागा.

तपासण्या

प्रत्येक लॉटला ओलावा, शिसं, कॅडमियम, पारा आणि आर्सेनिक, एकूण जिवाणू, यीस्ट-बुरशी, ई. कोलाय आणि साल्मोनेला. जोडीला किरणोत्सारी सीझियम-१३७. चेर्नोबिलचा स्फोट १९८६ चा, सीझियमचं अर्धायुष्य सुमारे तीस वर्षं, म्हणजे तेव्हा पडलेल्यातलं निम्म्याहून थोडं कमी अजून शिल्लक आहे. फिनलंडमध्ये दक्षिण-मध्य भागात ते जास्त पडलं, लॅपलंडमध्ये कमी. युरोपात जंगली आळंब्यांसाठी किलोमागे ६०० बेकरेल (किरणोत्साराचं एकक) ही मर्यादा धरतात. वाळवल्यावर पाणी जातं, सीझियम राहतं, त्यामुळे अहवालातला आकडा ओल्या मालाचा की वाळलेल्या, हे बघून घ्या.

लेबलवर काय लिहायचं नाही

सोव्हिएत संघात १९५५ साली चागाच्या औषधी वापराला मान्यता मिळाली आणि त्याचा अर्क बेफुंगिन नावाने औषधांच्या दुकानांत आला. त्या नावावर आज काहीही खपवलं जातं. प्रत्यक्षात बहुतेक संशोधन पेशींवर आणि उंदरांवरचं आहे, माणसांवरच्या मोठ्या चाचण्या नाहीत. युरोपीय संघात चागासाठी आरोग्याचा कुठलाही दावा मंजूर नाही. ‘कर्करोग बरा करतो’ छापलंत तर माल जप्त होऊ शकतो आणि ते खोटंही आहे.

इशारा मात्र छापा. चागात ऑक्झलेट भरपूर असतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधल्या एका नोंदीत, सहा महिने रोज चार-पाच चमचे भुकटी खाणाऱ्या ७२ वर्षांच्या बाईंची मूत्रपिंडं ऑक्झलेटने निकामी झाली आणि त्यांना डायलिसिसवर जावं लागलं. मूतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी, रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. भुकटी चमच्याने खाण्यापेक्षा काढा गाळून पिण्याची रीत बरी: लिटरभर पाण्यात २० ग्रॅम तुकडे, उकळीच्या खाली मंद आचेवर दोन तास. तेच तुकडे आणखी दोनदा वापरता येतात. रंग कोऱ्या कॉफीसारखा, चव मातकट आणि किंचित व्हॅनिलाची. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडमध्ये कॉफी मिळेनाशी झाली तेव्हा लोकांनी हाच काढा प्यायला होता.

गोणी, कंटेनर, गोडाऊन

आत प्लास्टिकची पिशवी, बाहेर जाड कागदी गोणी, वजन १० ते २५ किलो. लेबलवर लॉट क्रमांक, काढणीचा भाग आणि महिना, वाळवणीची तारीख, ओलावा, निव्वळ वजन. वाळवणीतून निघालेला गरम माल लगेच बांधू नका, आत वाफ धरते. उलटही लक्षात ठेवा. उणे वीस अंशांतून आणलेली गोणी उबदार खोलीत लगेच उघडली तर गार तुकड्यांवर हवेतलं पाणी जमतं. गोणी बंदच ठेवून दिवसभर खोलीत राहू द्या, मग उघडा. गोण्या पॅलेटवर, भिंतीपासून हातभर दूर. नीट वाळलेली ढेकळं अशी दोन-तीन वर्षं टिकतात, भुकटी त्याहून कमी.

भारतात मागवायचा असेल तर आयात-निर्यात कोड, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा आयात परवाना आणि वनस्पती संगरोधाची (प्लांट क्वारंटाइन) कागदपत्रं माल निघायच्या आधी हातात हवीत, न्हावा-शेव्यात कंटेनर उभा करून धावपळ करण्यात अर्थ नाही. थंड बंदरातून निघालेल्या कंटेनरच्या छताला उष्ण समुद्रात पाणी सुटतं आणि ते गोण्यांवर ठिबकतं. ओल शोषणाऱ्या पिशव्या आत टांगायला सांगा. पोहोच शक्यतो पावसाळ्याबाहेर, नोव्हेंबर ते मार्चमध्ये धरा. जुलैत भिवंडीच्या गोडाऊनमध्ये उघडी ठेवलेली गोणी हवेतला दमटपणा ओढत राहते आणि बारा टक्क्यांचा माल बघता बघता चौदाच्या पुढे जातो. माल उतरला की प्रत्येक दहा गोण्यांमागे एका गोणीच्या तळातून नमुना घ्या, वरचा थर नेहमीच चांगला असतो. सगळ्यात जाड ढेकूळ तिथल्या तिथे फोडा, वास घ्या, ओव्हनमध्ये ओलावा काढा आणि आकडा जुळल्यावरच उरलेली रक्कम सोडा.